चोचीतली फट

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी २२ वर्षं इन्स्पेक्शनला आहे. म्हणजे दिवसभर एकसारख्या दिसणाऱ्या वस्तू हातात घ्यायच्या आणि त्या एकसारख्या नाहीत हे शोधायचं. पंपाची दोन हाउसिंग टेबलावर शेजारी ठेवली की नवीन लागलेला पोरगा म्हणतो, "एकच की हे, सर." एक नसतात. एकाचा बॉस, म्हणजे अंगावरचा गोल उंचवटा, ३ मिलिमीटरनं उंच असतो. ते चुकून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मालात गेलं की अख्खा लॉट परत येतो, वर गाडीभाडं आमच्या डोक्यावर. त्यामुळे पक्षी बघायला लागलो तेव्हा माझा सरळ हिशेब होता: आपली नजर तयारच आहे, फक्त नावं पाठ करायची.

सुरुवात साखरेपासून झाली. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं, म्हणून टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत जाऊ लागलो. बेळगावकराला डेपो काय ते सांगायला नको. चालणारे, पळणारे, टाळ्या वाजवून हसणारे, सगळे तिथं असतात. त्यांच्यात एक निवृत्त मास्तर गळ्यात दुर्बीण अडकवून एकाच झाडाखाली वीस-वीस मिनिटं उभे दिसायचे. महिनाभर नुसती मान हलवून नमस्कार झाला. मग एके दिवशी मीच होऊन म्हणालो, "मास्तर, काल येळ्ळूरच्या शेतात बगळा बघितला."

"कुठला?"

"पांढरा."

"काळा बघितला असतासा तर आत्ता तुमच्या गाडीवर बसून आलो असतो," मास्तर म्हणाले. मग थोडं थांबून, "रविवारी मोकळे हायसा काय? या. खरं पुस्तक आणायचं न्हाई. वही आणि पेन्सिल आणा."

जुलैचा महिना होता. येळ्ळूरच्या बाजूला बासमतीच्या शेतात चिखलणी चालली होती आणि पॉवर टिलरच्या मागं पांढऱ्या पक्ष्यांची ही झुंबड. मी मोजले, ३४. वहीत लिहिलं: बगळे, ३४. मास्तरांनी ते वाचलं आणि पान फाडायला लावलं. म्हणाले, यात कमीत कमी तीन जाती आहेत, चौथी असली तर ती तुम्ही शोधायची. आणि अट अशी की रंगाचा शब्द काढायचा नाही.

रंगाशिवाय पक्षी सांगायचा म्हणजे काय हे मला समजेना. मास्तरांनी पेन्सिल घेऊन एक अंडं काढलं, त्यावर छोटं अंडं, त्याला चोच. "चोच डोक्याच्या मानानं केवढी? डोक्याएवढी, दीडपट, का निम्मी? मान सरळ हाय का मध्येच मोडल्यागत? हनुवटीखाली काय हाय?" बस. पहिला पक्षी काढायला मला दहा मिनिटं लागली, आणि तो अर्धा झाल्यावर उडून गेला. दुसरा काढला. त्याची चोच आखूड, डोक्याएवढीही नाही, आणि चोचीखाली पिसांचा फुगवटा, गालफुगी झाल्यासारखा. तो गायबगळा. जुलैत त्याचं डोकं, मान केशरी झालेली असते, त्यामुळे लहान पोरही ओळखेल. पण डिसेंबरात तो पांढराफेक असतो आणि तेव्हा ही आखूड चोच आणि हा फुगवटाच कामाला येतो. मास्तरांनी रंग बोलू का दिला नाही ते मला सहा महिन्यांनी कळलं.

दुसरा लहान बगळा. सडपातळ, चोच लांब आणि सुरीसारखी. पायाची बोटं पिवळी असतात ही त्याची खरी खूण, पण बोटं चिखलात. आम्ही बांधावर उभे, पाऊस भुरभुरतोय, आणि मी एका बगळ्यानं पाय उचलायची वाट बघतोय. बायकोला हे सांगितलं तर काय म्हणेल असा विचार मनात येऊन गेला. शेवटी तो दोन पावलं उडून बांधावर आला. काळे काळे पाय आणि खाली हळदीत बुडवून काढल्यासारखी बोटं.

खरा घोळ मोठा बगळा आणि मध्यम बगळा यांच्यात. नावावरून वाटतं, मोठा तो मोठा आणि मध्यम तो मध्यम, त्यात काय? पण दोघे शेजारी उभे असतील तरच ते मोठे आणि मध्यम. एकटा एक शेतात उभा असला की मोजायला काहीच नसतं. चोचीचा रंग बघावा तर एरवी दोघांचीही पिवळी, आणि विणीच्या दिवसांत दोघांचीही काळी पडते. मग उरते एक रेघ.

ही रेघ मला फार आवडली, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. कास्टिंगवर एक बारीक रेघ असते, साच्याचे वरचे आणि खालचे भाग जिथं जुळतात तिथली. आम्ही तिला पार्टिंग लाइन म्हणतो. पॅटर्न कसा कापला होता ते नुसती ती रेघ बघून सांगता येतं. बगळ्याच्या चोचीलाही तशीच रेघ असते: वरची आणि खालची चोच मिळते तिथून निघून जिवणीपर्यंत जाणारी. मध्यम बगळ्याची रेघ डोळ्याच्या बरोबर खाली येऊन संपते. मोठ्या बगळ्याची डोळा ओलांडून मागे जाते. त्यामुळे मोठ्याचा चेहरा कायम जरा चिडक्या माणसासारखा दिसतो. मास्तरांच्या ८ बाय ४२ दुर्बिणीतून मी ती रेघ शोधली. पहिल्यांदा हात थरथरत होता. मग कोपर छातीला टेकवलं, श्वास धरला आणि रेघ दिसली. डोळ्याखाली आली. थांबली. मध्यम!

३४ पैकी गायबगळे २७, लहान ५, मध्यम २. मोठा एकही नव्हता. घरी येताना मी गाडीवर गाणं म्हणत आलो.

त्यानंतर माझी गाडी सुटली. दर रविवारी कुठं ना कुठं. कोतवाल आणि राखी कोतवाल: राखीचा डोळा तांबडा, आणि काळ्या कोतवालाच्या जिवणीपाशी एक पांढरा ठिपका, मोहरीएवढा. भिंगऱ्या: तारवालीचं पोट स्वच्छ पांढरं आणि डोक्यावर तांबूस टोपी, माळभिंगरीच्या छातीला काळसर पट्टा. जांबोटीच्या रानात कुटूर कुटूर करणारा पांढऱ्या गालाचा तांबट, आणि शहरातल्या वडा-उंबरावर तसंच ओरडणारा त्याचा तपकिरी डोक्याचा भाऊ, ज्याच्या डोळ्याभोवती उघड्या केशरी-पिवळ्या कातडीचं कडं असतं. ही असली जोडपी भराभर बसत गेली. फाउंड्रीत मी म्हणत असे, आपल्याला गो आणि नो-गो गेज मिळाला की झालं. गेज भोकात गेला तर हे, नाही गेला तर ते.

शिक्र्यानं पहिला दणका दिला. मे महिना, डेपोतलीच चिंच. फांदीवर एक पक्षी बसलेला: पाठ करडी, छातीवर आडव्या तांबूस रेघा, लांब शेपटीवर पट्टे. आत्ताच येऊन बसला होता आणि आजूबाजूचे बुलबुल, शिंपी कल्ला करत होते. मी वहीत लिहिलं: शिक्रा. वेळ, झाड, सगळं. मास्तर आले तेव्हा त्यांना लांबूनच बोट दाखवलं. त्यांनी दुर्बीण लावलीही नाही.

"चोच बघितलीसा?"

"छाती बघितली, शेपटी बघितली, पाठ..."

"चोच?"

एवढ्यात त्या शिक्र्यानं तोंड उघडलं आणि चढत्या आवाजात म्हणाला, पेर्ते व्हा, पेर्ते व्हा, पेर्ते व्हा.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आजी हा आवाज आला की बियाण्याच्या कणग्या उघडायला लावायची. हा पावशा. जन्मभर ऐकलेला, पण बघितलेला आज पहिल्यांदा, आणि तोही शिक्रा म्हणून. पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, आणि दिसायला हुबेहूब शिकारी पक्ष्यासारखा असतो. रंग, पट्टे, उडण्याची ढब, फांदीवर येऊन बसायची पद्धत, सगळं शिक्र्याचं उचललेलं. बारके पक्षी त्याला बघून घाबरतात. मीही एक बारका पक्षीच म्हणायचा. मी जे जे जुळतंय म्हणून वहीत लिहिलं होतं, ते सगळं नकलेतलं होतं. चोच मात्र त्याला उचलता आली नाही. शिक्र्याची चोच आकड्यासारखी वळलेली, मांस फाडायची. पावशाची बारीक, जवळपास सरळ, सुरवंट वेचायची.

फाउंड्रीत नकली माल पकडायची हीच रीत आहे. वरचं पॉलिश, रंग, पंच केलेला नंबर कुणीही मारतं. हे मला तीन महिन्यांचा ट्रेनी असल्यापासून ठाऊक होतं, तरी चिंचेखाली आठवलं नाही.

पावशा निदान मे-जूनमध्ये बोलून मोकळा होतो. थंडीत तो गप्प बसतो आणि मग चोचीशिवाय गत्यंतर नाही.

माझी सासुरवाडी अथणीकडची. आपला जिल्हा केवढा पसरलेला आहे ते बघा: पश्चिमेला कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते आणि चार महिने पाऊस नुसता कोसळतो, पूर्वेला अथणी, जिथं ढग हजेरी लावून पुढं जातात. एका टोकाला ओलं रान, दुसऱ्या टोकाला कोरडा माळ. मधल्या माळांवर चंडोलांनी मला दोन हिवाळे छळलं. तुरेवाले चंडोल इथं दोन: मलबारी, जो घाटाकडचा, आणि साइक्सचा, जो दख्खनच्या कोरड्या माळांवरचा. एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या पक्ष्यांची यादी केलेल्या कर्नल साइक्स यांच्या नावाचा हा चंडोल. मलबारी अंगानं थोडा मोठा, चोच जाड, छातीवर ठसठशीत रेघा आणि पोट पांढुरकं. साइक्सचा लहान, छातीवरच्या रेघा बारीक आणि मोजक्या, पोट तांबूस.

लिहिताना हे सोपं दिसतं. माळावर सूर्य उतरला की पांढुरकं पोटही तांबूस दिसतं, आणि आपली तांबडी माती पिसांना लागली की विचारायलाच नको. मी काय करायचो? जागा बघून नाव द्यायचो. खानापूर रोड असला तर मलबारी, अथणीला जाताना असला तर साइक्सचा. यादी भरत होती. मास्तरांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे तुम्ही पक्षी न्हाई, मैलाचा दगड बघून लिहिलासा." त्या दोन हिवाळ्यांतल्या ११ नोंदी मी नंतर खोडल्या. खोडताना पोटात तुटत होतं, खोटं कशाला सांगू?

राकसकोपच्या तळ्याकाठच्या तुतारी पक्ष्यांनी मला वेगळी गोष्ट शिकवली, थांबायची. बेळगावला पाणी पुरवणारं हे धरण, मार्कंडेय नदीवरचं. हिवाळ्यात पाणी मागं हटलं की चिखलाचा काठ उघडा पडतो आणि तिथं तीन प्रकारच्या तुताऱ्या टुणटुणत असतात. सामान्य तुतारी बुडाला सतत झोके देते आणि तिच्या खांद्यापुढं पोटाचा पांढरा रंग वर चढलेला असतो, खाच पाडल्यासारखा. ठिपकेवालीची पांढरी भुवई डोळ्याच्या मागंपर्यंत जाते, पाय पिवळट. हिरवीची भुवई डोळ्याच्या पुढंच संपते आणि पाठ गडद. उन्हात, लांबून, भुवई दिसणं मुश्कील. अशा वेळी उडेपर्यंत बसून राहायचं. हिरवी उडाली की पंखाखालची बाजू काळपट आणि कंबर पांढरी, पाकोळीसारखी उठून दिसते. ठिपकेवालीचे पंख खालून फिकट. सामान्य उडाली तर पंखावर पांढरी पट्टी, आणि ती पाण्याला लागून थरथरत्या पंखांनी जाते. एका तुतारीसाठी मी ४० मिनिटं दगडावर बसलो होतो. उडाली, आणि नेमका तेव्हा मी चष्मा पुसत होतो.

एव्हाना मी ई-बर्डवर याद्या टाकायला लागलो होतो. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा २००२ पासून ते चालवते. आपण कुठं, किती वाजता, किती वेळ, काय आणि किती बघितलं ते टाकायचं. शिस्त कडक. चोर्ल्याच्या घाटात कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र एकमेकांना लागून आहेत. हद्द ओलांडली की जुनी यादी बंद करून नवी उघडायची, त्यामुळे तासाभराच्या फेरीत माझ्या तीन याद्या झाल्या. एक हळद्या नेमका कुठल्या राज्यात होता यावर मी आणि भाचा भर रस्त्यात भांडलो. असो. या याद्या कुणीतरी तपासतं. अनपेक्षित पक्षी किंवा अनपेक्षित आकडा आला की स्थानिक परीक्षकाची मेल येते.

माझी आली धुपदाळवरून.

धुपदाळ म्हणजे गोकाक तालुक्यातला घटप्रभेवरचा ब्रिटिश काळातला बंधारा आणि त्यामागचं पाणी, घटप्रभा पक्षी अभयारण्य. बेळगाव-मिरज लाइनवर घटप्रभा स्टेशनला उतरलं की जवळच. हिवाळ्यात तिथं कांड्या करकोचे आणि पांढरे करकोचे येतात, ही गोष्ट या भागातला प्रत्येक पक्षीवाला पहिल्याच भेटीत सांगतो. मीही ऐकून होतो. जानेवारीतला रविवार, आम्ही चौघे, गाडी लेट, पोचेपर्यंत बारा वाजले. पलीकडच्या काठाला मोठे पांढरे पक्षी उभे. पांढरं अंग, मागं काळं, लांब पाय, लांब चोच. ऊन डोक्यावर, पाण्यावरून झळ उठत होती, सगळं लवलवत होतं. मी मोजले, २३. पांढरा करकोचा, २३. येताना गोकाकचा करदंट घेतला आणि घरी पोचायच्या आत यादी टाकली.

बारा दिवसांनी मेल. इंग्रजीत, अगदी नम्र. आकडा मोठा आहे, फोटो आहे का? चोचीचा रंग कोणता होता? शेपटी पांढरी होती की काळी?

फोटो होता, मोबाईलचा, दुर्बिणीला चिकटवून काढलेला. त्यात तांदळाच्या दाण्याएवढे २३ ठिपके. शेपटीचं म्हणाल तर बसलेल्या करकोच्याची शेपटी दिसतच नाही, पंखांची काळी पिसं तिच्यावर येतात. चोच मी बघितली होती. लांब होती. रंग आठवेना. मी लिहिलं, "तसेच दिसले. तिथे दरवर्षी येतात." उत्तर आलं, तेही नम्रच: तिथे दरवर्षी येतात हे मलाही माहीत आहे, मी तुम्ही काय बघितलं ते विचारतो आहे.

मला राग आला. दुपारी जेवणही नीट गेलं नाही. संध्याकाळी एका सप्लायरचा फोन आला. त्याला मी बोअरचं माप विचारलं होतं, तर म्हणतो, "बरोबरच आहे साहेब, आम्ही दरवेळी तसंच देतो." मी त्याच्यावर ओरडलो, "दरवेळचं सांगू नकोस, या तुकड्याचं सांग." फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. शेजारच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये कार्डं होती. हिरवं ओके, तांबडं रिजेक्ट, पिवळं होल्ड. माझ्या वहीत गेल्या तीन वर्षांत सगळी कार्डं हिरवी होती.

पुढच्या रविवारी पहाटे साडेचारला मोटारसायकलनं निघालो. मास्तरांचा ट्रायपॉडवरचा स्कोप पाठीला बांधला. मास्तर आले नाहीत, गुडघे. "जाऊन या. खरं जिंकायला जाऊ नका," एवढं म्हणाले.

उजाडताना पोचलो. या वेळी सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरली. पक्षी होते. स्कोपला डोळा लावला, फोकस फिरवला, आणि पहिल्याच पक्ष्याच्या चोचीतून मला पलीकडचं पाणी दिसलं.

खरंच दिसलं. चोच टोकाला मिटलेली, मुळाशी मिटलेली, आणि मधोमध फट. दोन पात्यांमध्ये फीलर गेजची पातळ पट्टी सरकवावी अशी फट नव्हे, चांगली काडी जाईल एवढी. वरची चोच जवळजवळ सरळ आणि खालची पोटातून वाकलेली. चोचीचा रंग मळकट शिंगासारखा, पाय फिकट, अंग पांढरं पण राखाडी झाक असलेलं. उघड्या चोचीचा करकोचा. पांढरा करकोचा याच्या दीडपट भरतो, पण पाण्यात एकट्या उभ्या पक्ष्याला दीडपट कुणाच्या? त्या दिवशी काठावर म्हैस आली तेव्हा अंदाज आला.

मी एकेकाची चोच तपासत गेलो. फट, फट, फट. एवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "एन नोडाक हत्तीरी?" जाळं खांद्यावर टाकलेला एक मासेमार. माझं कन्नड फाउंड्रीतलं, तोडकं. हक्कि, म्हणालो, ती बघतोय, नाव शोधतोय. तो हसला. "इव बसवनहुळ तिंताव्री." हे गोगलगाई खातात. त्यानं काठावरून एक रिकामा शंख उचलून माझ्या तळहातावर ठेवला, लिंबाएवढा. मला वाटत होतं की चोचीतली ती फट अडकित्त्यासारखी गोगलगाय फोडायला असणार. पण शंख अखंड होता, एक टवकाही उडालेला नाही. हा करकोचा शंख फोडत नाही. खालच्या चोचीचं टोक आत सारून मांस सोडवून घेतो आणि शंख टाकून देतो. (कन्नडात गोगलगाय म्हणजे बसवनहुळू, बसवाचा किडा. आपण तिला गाय केलं, त्यांनी बैल. हे मला तिथं उभं असतानाच लक्षात आलं आणि एकटाच हसलो. मासेमाराला वाटलं असेल, साहेब गेला कामातून.)

अठराव्या चोचीला मी अडकलो. फट नाही. परत बघितलं, खरंच नाही. पांढरा करकोचा म्हणावा तर चोच तांबडी नाही, अंगही बाकीच्यांएवढंच. ते त्यांचंच पोर होतं. पिलांच्या चोचीला फट नसते, ती वयाबरोबर पडत जाते. म्हणजे माझी सगळ्यात पक्की खूणही सगळ्यांना लागू नव्हती.

आणि मग अगदी उजवीकडं, कळपापासून जरा फटकून, दोन पक्षी. पांढरं म्हणजे पांढरं. चोच गाजरासारखी तांबडी, सरळ, मिटलेली. मी मोबाईल स्कोपला लावायची धडपड करत होतो, तेवढ्यात पाण्यावरून दलदली भोवत्या, एक शिकारी पक्षी, खालून गेला आणि सगळा कळप उठला. मी बटण दाबतच राहिलो. उडताना शेपट्या उलगडल्या. अठरा काळ्या. दोन पांढऱ्या.

म्हणजे त्या रविवारी १८ उघड्या चोचीचे, त्यात एक पोर, आणि २ पांढरे करकोचे. मग आधीच्या फेरीतले २३ कोण होते? सगळे उघड्या चोचीचे? का त्यातले दोन हेच? का सहा? ते २३ करकोचे होते, एवढंच मला माहीत होतं. चोच बघायची वेळ होती तेव्हा मी बघितली नव्हती, आणि आज चोच बघून त्या दिवसाची चोच सांगता येत नव्हती.

ई-बर्डवर त्यासाठी जागा असते: करकोचा, जात निश्चित नाही. घटप्रभा स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहा घेत मी जुनी यादी उघडली, पांढरा करकोचा खोडला आणि ते लिहिलं. आकडा तसाच ठेवला, २३. मोजण्यात मी चुकलो नव्हतो. परीक्षकाला कळवलं की मी चोच आणि शेपटी बघितली नव्हती, म्हणून नोंद बदलली आहे. मग आजची यादी टाकली.

मास्तरांना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "पोराची चोच काढलासा काय वहीत?" काढली होती. शेजारी थोराचीही काढली होती, फटीत पाण्याची एक रेघ ओढून.

परीक्षकाचं उत्तर मंगळवारी आलं. जुन्या नोंदीबद्दल एका ओळीत आभार. खाली दुसरी ओळ: आजच्या यादीतल्या दोन पांढऱ्या करकोच्यांचा फोटो आहे का, आणि शेपटी दिसली का?

मी कॅन्टीनमध्ये होतो. ताटातली भाकरी बाजूला सारली, हात पँटला पुसला आणि दोन पांढऱ्या शेपट्या जागच्या जागी पाठवून दिल्या.